घासून काढलेलं नाव

माझ्या भावाने माझी अंगठी एका माणसाला वाढदिवसाची भेट म्हणून दिली, आणि त्या माणसाने तिच्यावरचं नाव घासून काढलं. हे ज्याला सांगावं तो पहिलं विचारतो, सोन्याची होती का? नव्हती. चांदीची होती, तीही काळवंडलेली. मग तो "अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. म्हणून आता पहिल्यापासून सगळं सांगते.

मी घाटकोपरला एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. दिवसभर मेण, प्लास्टर आणि घासायचं मशीन. राहायला मुलुंडला होते, आईवडिलांच्या घरात, धाकटा भाऊ आणि त्याच्या बायकोबरोबर. लग्न केलं नाही. शिक्के गोळा केले.

याची सुरुवात वडिलांमुळे झाली. गिरणी बंद पडल्यावर ते एका गोदामावर वॉचमन होते. संध्याकाळी गोदामाच्या कुलपावर लाख ओतून पितळी शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. गोदामही बंद झालं तेव्हा तो शिक्का ते घरी घेऊन आले. मी हातात घेतला तर अक्षरं उलटी. मी म्हटलं, "बाबा, हा चुकलाय." त्यांनी मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली, पायरीवर दोन थेंब पाडले आणि शिक्का दाबला. उचलला तर अक्षरं सुलटी, स्वच्छ, वाचता येतील अशी. मला ते इतकं आवडलं की मी संपेपर्यंत ती लाख जाळली आणि आईचा मार खाल्ला.

पुढे कमवायला लागल्यावर रविवारी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, जुन्या वस्तू घेऊन फूटपाथवर बसणाऱ्यांकडे जायला लागले. सावकाराचे शिक्के, कुठल्याशा संस्थानातल्या जकात नाक्याचा शिक्का, नावं कोरलेल्या अंगठ्या, आरेच्या दूध केंद्रावरचं पत्र्याचं कार्ड, असं काय काय जमा होत गेलं. संध्याकाळच्या क्लासला जाऊन मोडी शिकले. लॅबमधून कवळ्या ज्या छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून जातात, त्याच डब्यांत कापूस घालून प्रत्येक वस्तू ठेवायचे. किमतीला फार मोठं त्यात काहीच नव्हतं. पण प्रत्येकावर कोणाचं तरी नाव होतं, आणि ते मी वाचलेलं होतं.

ही अंगठी मला मरोळच्या एका म्हाताऱ्या बाईंनी दिली. अंधेरीकडची जुनी गावठाणं आता टॉवरांच्या मध्ये दबून गेली आहेत, त्यातल्याच एकात त्यांचं घर आहे. समोर क्रूस, वर अजून कौलं. त्यांची कवळी आमच्या लॅबमध्ये बनली होती आणि ती त्यांना टोचत होती. डॉक्टरकडे खेपा घालून कंटाळल्या, तेव्हा पत्ता काढून थेट लॅबमध्ये आल्या. माझ्या टेबलावर कवळी ठेवली आणि म्हणाल्या, "बाय, हे दात माझे नाय. दुसऱ्या कोणाचे तरी दिलेस तू मला."

मी घासून दिली. पुन्हा टोचली, पुन्हा घासली. अशा येता येता आमची ओळख झाली. एकदा त्या आल्या तेव्हा माझी जेवणाची सुट्टी होती आणि मी मऊ ब्रशने एक शिक्का साफ करत बसले होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. पुढच्या खेपेला बटणांच्या डब्यातून त्यांनी अंगठी काढली.

चांदीत बसवलेला लालसर तपकिरी अकिकाचा खडा, त्यावर अगदी बारीक कोरलेली अक्षरं, एकात एक गुंतलेली.

"माझ्या सासऱ्याला भात लावताना शेतात मिळाली," त्या म्हणाल्या. "त्याने कधी घातली नाय. म्हणायचा, दुसऱ्याचं नाव आपल्या बोटात कसं घालायचं? माझे मुलगे विकतील. तू वाचतेस ना? मग वाच आणि मला सांग, कोणाची ती."

अक्षरं फारसी होती, म्हणजे मला येत नव्हती. मी गुलाबी मेण गरम करून अंगठी त्यात दाबली, म्हणजे नाव सुलटं उमटलं, आणि अंगठीवर थेट प्लास्टर ओतून एक ठसाही करून ठेवला. ते मेण घेऊन कुर्ल्याला गेले. तिथे भंगारवाल्याच्या ओळखीने एक निवृत्त उर्दू शिक्षक भेटले. सरांनी मेणाची चकती खिडकीशी धरली, इकडून तिकडून फिरवली, आणि म्हणाले, "ठेवून जा. घाई करू नका." मी ठेवून गेले, पुन्हा पुन्हा जात राहिले. त्यांनी एकेक अक्षर सोडवलं. शरियतचा सेवक, काजी अमुक. हिजरी सालाचा एक आकडा झिजलेला होता, त्याबद्दल ते शेवटपर्यंत काही बोलायला तयार झाले नाहीत. "अंदाज सांगणार नाही," म्हणाले.

काजीचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आता कोणी कसं वापरेल याचा मला भरवसा राहिलेला नाही.

मी मरोळला जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा उच्चारून बघितलं. "काजी म्हणजे जज?"

"तसंच. निवाडे करायचे, कागदांवर हा ठसा मारायचे."

"बघ," त्या म्हणाल्या, "आणि माझी सासू म्हणायची, कोणा चोराची असेल." आणि आम्ही दोघी हसलो. जाताना म्हणाल्या, "जप."

आता भाऊ. आमची बिल्डिंग जुनी, स्लॅब गळका, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटचं गाडं वर्षानुवर्षं अडलेलं होतं आणि भाऊ सोसायटीचा सेक्रेटरी. तो वाईट माणूस नाही. बिल्डिंगसाठी तो खरोखर धावायचा, स्वतःच्या रजा घालवून ऑफिसांचे जिने चढायचा. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला धरलं तर काम होईल, असं त्याला कोणीतरी सांगितलं. त्याने धरलं. पुढारी एका रविवारी बिल्डिंग बघायला आला आणि मग चहाला आमच्याकडे.

चहा पिता पिता भाऊ म्हणाला, "साहेब, आमची ताई इतिहासाचं करते. ताई, दाखव ना."

मला त्या वेळी बरं वाटलं. घरात माझ्या डब्यांना आजवर "ताईचा पसारा" म्हणत होते. मी डबे काढले. पुढारी पुढे सरकून बसला. त्याचं घराणं म्हणे सरदारांचं. घराण्याच्या इतिहासाचं मोठं प्रदर्शन भरवायचं त्याच्या मनात होतं. तलवारी मिळाल्या होत्या, पगडी करून घेतली होती. "फक्त मुद्रा नाही हो मिळत," तो म्हणाला, आणि नेमकी काजीची अंगठी उचलून बोटात घातली. बसली ती त्याला.

"ही कोणाची?"

मी सांगितलं.

"म्हणजे मुसलमानी." त्याने हात लांब धरून बघितला. "पण ताई, तेव्हा सगळा कारभार फारसीतच चालायचा ना? मग आमच्या पूर्वजांचीही असू शकते."

"नाही असू शकत. नाव लिहिलंय तिच्यावर."

"जुनी अक्षरं. कोण कशी वाचेल, सांगता येतं का? तुम्ही अभ्यासक आहात. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, ही आमच्या घराण्याची म्हणून. प्रदर्शनात तुमचं नाव मोठं लावतो."

"मी खोटं वाचत नाही," मी म्हटलं.

भावाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाहुण्यांसमोर शिवीच दिली होती. पुढारी मात्र हसला, अंगठी काढून नीट कापसात ठेवली, आणि चहा छान झालाय म्हणाला.

त्यानंतर कधीतरी मी डब्यांतला कापूस बदलायला बसले. काजीच्या अंगठीच्या डब्यात नुसता कापूस होता, आणि कापसात अंगठीचा खळगा.

भाऊ बाहेर टीव्ही बघत होता. मी डबा त्याच्यासमोर धरला.

"अंगठी कुठे आहे?"

"कुठली?"

"तुला माहीत आहे कुठली."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "साहेबांचा वाढदिवस होता, ताई. रिकाम्या हाताने जायचं होतं का? आणि बघ ना, लगेच फाइल हलली. इतकी वर्षं हलली नव्हती."

"ती माझी होती."

"तुझ्याकडे कपाटभर आहेत यार. एक गेली. अख्ख्या बिल्डिंगचं काम झालं."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

हा "मग?" मी विसरू शकत नाही. इतक्या सरळपणे म्हणाला तो, की जणू हिशोब चोख आहे आणि मलाच कळत नाहीये. मी देणार नाही हे माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. चोरी याहून वेगळी काय असते? मी तसं म्हटलंही. चोर म्हटलं त्याला, त्याच्या बायकोसमोर. हातातला डबा भिंतीवर फेकला.

भावजय स्वयंपाकघरातून आली. "ताई, शांत व्हा ना. तुमचं घर पण त्यातच आहे. लिफ्ट येईल. तुमच्या गुडघ्यांचंच बघा."

"माझ्या गुडघ्यांसाठी चोरी करायला सांगितली होती का मी?"

"एवढं आहे तर कर पोलिसात तक्रार," भाऊ म्हणाला. "लिही माझं नाव."

मी त्याचं नाव लिहिलं नाही. ज्याला शाळेत हात धरून नेलं त्याचं नाव चोर म्हणून लिहायला माझा हात धजला नसता, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. त्याचाही मला राग आहे.

मी स्वतःच पुढाऱ्याच्या ऑफिसात गेले. सोबत प्लास्टरचा ठसा घेतला होता. तो दाखवून नाव त्याला समोरासमोर वाचून दाखवावं, ही अंगठी तुझ्या काही कामाची नाही हे पटवावं आणि मागून घ्यावी, असा माझा विचार. बाहेर बाकावर बरीच माणसं होती, कोणाचं रेशन कार्ड, कोणाचं पाणी. माझं नाव कळताच त्याने मला आधी आत बोलावलं. उठून नमस्कार केला. जोडलेल्या हातांवर अंगठी होती.

मला लांबूनच कळलं. मी रोज घासते. घासलेल्या पृष्ठभागावर उजेड कसा पडतो ते मला कोणी शिकवायला नको. अकिकाचा जुना मंद तुकतुकीतपणा गेला होता, तो आरशासारखा चमकत होता आणि पूर्वीपेक्षा पातळ झाला होता. त्यावर एक सूर्य, आडवी तलवार, आणि खाली देवनागरीत त्याचं आडनाव.

"बघा ताई, कशी झकास झालीय," त्याने हात माझ्यापुढे केला. "आधीचं ते उर्दू काढून टाकलं. आता आपली वाटते."

माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "अक्षरं उलटी कोरायची असतात."

"काय?"

"मुद्रा म्हणताय ना? दाबली तर नाव उलटं उमटेल हिच्यातून. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरतात."

तो मोठ्याने हसला. "मग लोक वाचणार कसं?"

मी ठसा टेबलावर ठेवला. हे इथे होतं, म्हटलं, हा माणूस होता, काजी होता, निवाडे देत होता, त्याचं नाव एवढ्याच एका जागी मला सापडलं होतं आणि ते तुम्ही मशीनवर धरून पूड करून टाकलंत. माझा आवाज चढला होता. दारातली दोन पोरं आत आली. पुढाऱ्याने त्यांना हाताने थांबवलं, ठसा उचलून बघितला आणि म्हणाला, "अरे वा. हेही छान आहे. हेही द्या ना, प्रदर्शनात ठेवू."

मी त्याच्या हातातून तो ओढून घेतला.

"ताई," तो अगदी सौम्य आवाजात म्हणाला, "तुमच्या भावाने प्रेमाने दिलीय. भांडण घरातलं आहे, घरात मिटवा. मी कोणाच्या घरात पडत नाही."

बाहेर येऊन मी एका रिक्षावाल्यावर ओरडले. त्याने नुसतं "किधर जाना है?" विचारलं होतं.

मरोळला जायला मी बरेच दिवस लावले. शेवटी गेले. बाई ओट्यावर बसून कोळंबी सोलत होत्या. मी सगळं सांगितलं, भावाचं, पुढाऱ्याचं, घासल्याचं. त्यांचे हात थांबले.

"माझ्या सासऱ्याने शेतात मिळालेली घातली नाय," त्या म्हणाल्या, "आणि हा पुसून घालतो?"

मी त्यांच्यापुढे प्लास्टरचा ठसा धरला. नाव राहिलंय, म्हटलं, हे बघा. त्यांनी ओल्या हातांनी तो घेतलाच नाही. "हे तुझं दातांचं प्लास्टर. यात काय बघू मी?" मग पुढची कोळंबी उचलली आणि म्हणाल्या, "तुझ्या भावाला इथे आण. मला बघायचाय तो."

मी घरी येऊन भावाला सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "कोण म्हातारी? तिचं काय आता? देऊन टाकली होती ना तिने?" तो गेला नाही. पुढे मी मरोळला गेले की बाई आधी माझ्या पाठीमागे बघायच्या, कोणी आहे का.

मंजुरी मिळाली तेव्हा बिल्डिंगच्या आवारात पुढाऱ्याचा सत्कार ठेवला. मंडप, खुर्च्या, बासुंदीपुरी. भाऊ माइकवर होता, नवा शर्ट घालून. खरं तर त्याने हा दिवस कष्टाने आणला होता, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, आणि माझं मन क्षणभर नरमलंही. मग तो म्हणाला, "आपल्या सोसायटीतर्फे साहेबांना त्यांच्या घराण्याची ऐतिहासिक मुद्रा परत मिळवून देता आली, याचा आम्हाला अभिमान आहे."

परत. हा शब्द वापरला त्याने.

मी उठून उभी राहिले. माइक नव्हता, पण लॅबमधल्या मशीनच्या आवाजावर बोलायची मला सवय आहे. "ती अंगठी माझ्या कपाटातून चोरलेली आहे," मी म्हटलं. "ती काजीची होती. यांच्या घराण्याचा तिच्याशी काही संबंध नाही. तिच्यावरचं नाव यांनी घासून काढलंय, आणि हे माझ्या भावाला माहीत आहे."

मग चेअरमन म्हणाले, "ताई, आजच्या दिवशी नको," आणि एका मुलीला स्वागतगीत म्हणायला उभं केलं. पुढाऱ्याने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी झाली.

जेवणं चालू असताना मी जिन्यात जाऊन बसले होते, तिथे खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांनी मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय. "तुझं बरोबर आहे गं," त्या पुटपुटल्या, "पण..." आणि माझ्या दंडाला हात लावून खाली गेल्या. सगळ्यांच्याकडे हा "पण" होता. मी त्यांना सांगितलं नाही, पण पुढाऱ्यापेक्षाही मला त्या मंडपातल्या ओळखीच्या चेहऱ्यांचा राग आला होता. त्याला निदान कळतच नव्हतं. यांना कळत होतं.

बिल्डिंग पाडायला घेतली तेव्हा सगळे भाड्याच्या घरांत पांगले. भाऊ मुलुंडलाच राहिला. मी घाटकोपरला लॅबजवळ एक खोली घेतली आणि डबे तिथे नेले, कपाटाला कुलूप करून घेतलं. प्रदर्शन झालं. मी बघायला गेले नाही, पण सुटका कुठे आहे? प्रत्येक सणाला नाक्यावर पुढाऱ्याचा फ्लेक्स लागतो. हात जोडलेले, आणि बोटातली अंगठी फोटोवाल्याने मुद्दाम उजळ केलेली. शुभेच्छा वाचायला कोणी थांबत नाही. मी थांबते. बसची वाट बघत ते आडनाव वाचते, सूर्य बघते, आणि लॅबमध्ये जाते तेव्हा माझे हात इतके कडक झालेले असतात की पहिली कवळी बाजूला ठेवावी लागते.

भाऊबीजेला मी गेले नाही. फोन आले, उचलले नाहीत. दुपारी भाऊच आला, एकटा, धापा टाकत, कारण इथेही लिफ्ट नाही. मी त्याला पाणी दिलं. खोलीत एकच खुर्ची, त्यावर तो बसला, मी पलंगावर. थोडा वेळ नव्या प्लॅनचं बोलला. तुझी खोली पूर्वेकडे आलीय, उजेड चांगला येईल, तुझ्या कामाला बरं पडेल, म्हणाला. मग खिशातून एक लाल डबी काढली.

"ओवाळणी. तू आली नाहीस म्हणून घेऊन आलो."

सोन्याची अंगठी होती. जड, चांगल्या दुकानातली. वरच्या चपट्या भागावर माझं नाव कोरलेलं.

"बघ, नाव पण घातलंय," तो म्हणाला. "तुला आवडतं ना तसं. तुझं स्वतःचं. आता सोड ना ताई ते."

त्याने खरोखरच विचार करून आणली होती. दुकानात उभं राहून कोरून घेतली असणार, स्पेलिंग दोनदा बघितलं असणार. तो माझ्याकडे असा बघत होता, जसा लहानपणी काही फोडलं की बघायचा. इतका सगळा काळ गेला, मी ओरडले, मंडपात बोलले, घर सोडलं, आणि याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, की बहिणीची अंगठी गेली, तिला अंगठी हवी.

"मरोळला गेलास का?" मी विचारलं.

"काय?"

"त्या बाईंनी तुला बोलावलं होतं. गेलास का?"

"ताई, आता सणाच्या दिवशी ते कुठे काढतेस..."

मी उठले. ताट काढलं, निरांजन लावलं, त्याच्या डोक्यावर माझा रुमाल घातला आणि ओवाळलं. तो मान खाली घालून बसला होता. ओवाळून झाल्यावर मी लाल डबी मिटली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात परत घातली.

"मरोळला जा," म्हटलं. "त्यांच्यासमोर उभा राहा. मग बोलू."

तो जिना उतरताना मी दार उघडं ठेवून ऐकत होते. एका मजल्यावर तो बराच वेळ थांबला. मग पुन्हा खाली उतरत गेला. बाई अजून त्याची वाट बघताहेत.